तिसरा घात

१४ सप्टेंबर २००५

शांभवीशी आज पुन्हा वाजलं. पीएचडीची माझी एकुलती एक विद्यार्थिनी, आणि काय हट्टी! कार्बनचे दोन पत्रे, एकेका अणूइतके पातळ. मध्ये पोकळी, कुणावर विद्युतभार नाही — तरी ते एकमेकांना ओढतात. दूर नेले की ही बांधून ठेवणारी ऊर्जा किती भराभर घटते, एवढाच प्रश्न. अंतराच्या चौथ्या घाताने! तीस वर्षं शिकवतोय. एकेका अणूच्या जोडीचं गणित करायचं, बेरीज मारायची, संपलं. ती म्हणते तिसऱ्या. 'सर, इलेक्ट्रॉन काय एका अणूपाशी बसून न्हाईत. सगळा पत्रा एकदम हलतोय. जोड्या लावायच्या कशा?'

तिच्या वहीवर लाल काट मारली.

२९ सप्टेंबर

पुन्हा तीनच! 'चार आल्याशिवाय प्रबंधावर सही मिळणार नाही,' म्हणालो. वही उचलून गेली.

१७ नोव्हेंबर

तिचे वडील, भीमाप्पा, तिची पुस्तकं न्यायला आले होते. पीएचडी सोडून ती आता इचलकरंजीत क्लासमध्ये शिकवते म्हणे. जाताना म्हणाले, 'पोरगी हुशार हाय म्हणून तुमीच सांगत हुता की.'

३ जानेवारी २००६

स्वयंपाकाची तानाबाई भाकरी करून गेली. म्हणाली, 'सर, कडी वाजवाय बी कुणी येत न्हाय की तुमच्याकडं.' दिवसभरात कानावर आलेलं तेवढंच बोलणं. शांभवी यायची, भांडायची, चहा गार व्हायचा. आठवण येते, काय लपवायचं!

२२ जून

ग्रंथालयात परदेशी नियतकालिकाचा जुना अंक चाळला. तिसरा घात! जोड्यांची बेरीज इथे चालतच नाही, असं स्वच्छ लिहिलंय. मी पोरीचं वाटोळं केलं.

२५ जून

इचलकरंजीच्या गाडीसाठी स्टँडवर गेलो. दोन गाड्या सोडल्या. घरी आलो. भित्रा!

२ जुलै

गेलो. क्लास यंत्रमागांच्या शेडवर, माडीवर. खडखडाट इतका, की पोरांसमोर ओरडावं लागलं — 'शांभवी, माझं चुकलं! परत ये. तीनच लिही, मी सही करतो!' तिने मला जिन्यात नेलं. पुढचं आज लिहवत नाही.

३ जुलै

लिहितो. ती म्हणाली, 'म्हाईत हाय सर, मार्चातच वाचलंय. उद्या बेंगळूरला निघायचंय, हेच काम कराय. तुमी हितं येताय का, तेवढं बघायसाठी थांबाय लागलं.'