शिडीच्या खालच्या निम्म्या पायऱ्या मिळण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
विमानतळ कार्यालय, पहिला मजला
(वर यायला बंदी असल्यामुळे अर्ज खालच्या खिडकीत दिला आहे.)

विषय : येत्या शेवटच्या विमानाच्या वेळी शिडीवर निम्म्यापर्यंत चढू देण्याबाबत.
संदर्भ : खुलासा मागणारा आपला मेमो.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सांगतो, की हातातल्या पट्ट्यांनी इशारे करून विमानं जागेवर आणणारा आणि वाटेला लावणारा तो मुलगा मीच. मेमोत 'बेजबाबदार हातवारे' असं लिहिलंय, त्याबद्दल थोडं बोलायचं आहे.

१. साथ आल्यापासून प्रत्येक प्रांताचं काहीतरी वेगळंच. आपल्याकडे तपासणीचा कागद दाखवला की झालं. किनाऱ्याकडचे लोक अंधार पडल्यावर विमान उतरूच देत नाहीत, शिवाय त्यांच्या विमानातल्या कर्मचाऱ्यांनी परक्या जमिनीवर पाऊल टाकायचं नाही. डोंगराकडचे कोणालाही उतरू देतात, पण उतरला की हॉटेलात कोंडतात.

२. किनाऱ्याकडच्या विमानात एक हवाई सुंदरी आहे. साहेब, आडपडदा कशाला, मला तिच्याशी लग्न करायचंय. पण ती वर दारात, मी खाली, बोलायचं तर ओरडून. एकदा हिय्या करून विचारलं, तर सामान चढवणारे सगळे काका बॅगा खाली ठेवून उत्तर ऐकायला उभे! ती म्हणाली, "असा बाजार मांडून विचारतात का? समोर ये, मग सांगते." समोर कसा जाऊ? आम्हाला शिडी चढायची बंदी, तिला उतरायची. मास्कमुळे ती हसली का चिडली, तेही कळेना.

३. आता मेमोतला दिवस. विमान निघालं, तिनं दाराच्या काचेला हात टेकवला, आणि माझे दोन्ही हात आपोआप वर गेले. पट्ट्यांसकट. डोक्यावर पट्ट्यांची फुली म्हणजे 'थांबा', हे वैमानिकाला माहीत, मलाही माहीत, फक्त त्या क्षणी माझ्या हातांना माहीत नव्हतं. त्यानं करकचून ब्रेक लावला. मग ब्रेकची तपासणी, मग उशीर, मग किनाऱ्यावर अंधार, मग विमान डोंगराकडे, आणि सगळे हॉटेलात बंद. तीसुद्धा! रोज फोनवर थंडगार जेवणाचं वर्णन ऐकवायची, आणि मूळ मुद्दा काढला की परत, "समोर ये."

४. आता ती सुटली आहे. पुढचं विमान तिचंच, पण या मार्गावरचं ते शेवटचं. त्यानंतर किनारी प्रांत दारं लावून घेणार, उघडणार कधी ते कोणी सांगत नाही. मेमोमुळे मला विमानाजवळ फिरकायला मनाई. आपली सुरक्षा म्हणते, शिडी विमानाला लागली की विमानवाल्यांची. विमानवाले म्हणतात, शिडीची चाकं तुमच्या जमिनीवर, म्हणून तुमची. तरी मधोमध वाटणी करून हा घोळ मिटवावा. त्या दिवशी पट्ट्या खुशाल दुसऱ्या कोणाला द्या.

५. हे सगळं मी आज लिहितोय, कारण काल तिचा फोन आला. "माझ्या साहेबांनी वरच्या निम्म्या पायऱ्या दिल्या. भेट फक्त घरच्या माणसाची घेता येते म्हणाले, म्हणून मी तसं सांगितलं. खालच्या तू मिळव." तसं म्हणजे कसं, हे मी विचारेपर्यंत तिनं फोन ठेवलासुद्धा.

साहेब, ती कधी कोणाला थाप मारत नाही. आता तुम्ही तिला खोटं पाडू नका.

आपला नम्र आणि सध्या रिकाम्या हातांचा,
(सही)
विमानाला इशारे करणारा, शिकाऊ

दिनांक : शेवटच्या विमानाच्या आदल्या दिवशी

सोबत : तपासणीचा कागद. (घसा ठीक आहे. बाकीचं त्यात दिसत नाही.)