कत्ती का कत्ते

सौम्या,

लाटणं हुडकू नको, ते माझ्या तलवारीची मूठ झालंय. आज भाकरीच कर. पातं बंद पडलेल्या ट्यूबलाइटच्या प्लास्टिक नळीचं हाय. आत तुझ्या चांगल्या इमर्जन्सी लाइटातले दिवे हायेत. त्याच्यापायी तू कालपासून बोलंनास, म्हणून ही चिठ्ठी.

परवा कारखान्यातल्या कानडी नाटकाच्या तालमीत मी राजा होऊन भर दरबारात कत्तीच्या जागी कत्ते मागितलो. कानडीत कत्ती म्हणजे तलवार आन् कत्ते म्हणजे गाढव, हे तूच शिकिवलीस. प्रधान हसून हसून खालीच बसला.

आज हातात लखलखती कत्ती असली की जीभ घसरणार न्हाई. सहाला नाटकाला पटांगणात ये, पुढं खुर्ची धरून ठेवतो. तलवार पेटली तर कत्ती. न्हाई पेटली तर कत्ते कोण, ते तुला ठाऊकच हाय.

महेश