केसांची दोरी

३ मार्च, ग्लासगो
संग्रहालयात टुवालूचं, पॅसिफिकमधल्या बेटांचं, खोकं उघडलं. प्रदर्शनाचा विषय: त्या बेटांवर कोण कसं पोचलं — सामोआकडून होड्यांतून आलेले आणि मागाहून युरोपची जहाजं. खोक्यात माणसांच्या केसांची विणलेली दोरी. सोबत अशाच एका जहाजावरच्या डॉक्टरची जुनी चिठ्ठी: ‘किनाऱ्यावर सापडली.’

११ मार्च
टुवालूहून टाविटा आले. वय अठ्ठ्याहत्तर. दोरी परत मागायला.
“सापडली? होडीला बांधलेली होती ती! होडीही सापडली का त्याला?”
त्यांच्यात सांगतात, पहिल्या होडीतून उतरलेल्या बाईचे केस आहेत यात. पुढे दर पिढीतल्या बायकांनी आपले गुंफले. परत द्यायची की नाही ते संग्रहालयाची समिती ठरवणार, एकवीसला.

१२ मार्च
दोरी वाळलीय. तुटेल.
“हिला इथं तेल कोण लावतं?” टाविटांनी विचारलं.
कोणीच नाही. ग्लोव्ह्जशिवाय शिवायचं नाही हा नियम मीच सकाळी त्यांना वाचून दाखवलेला. आणि मीच पर्समधली खोबरेलाची बाटली काढली — लेकीच्या, ईशिताच्या वेण्यांसाठी घेतलेली. नुसती दिली नाही. ग्लोव्ह्ज काढले, मीही चोळलं. केसांना तेल लावायला परवानगी लागते, हे डोक्यातच आलं नाही!
ते एकेका बाईचं नाव घेत होते.

१४ मार्च
एलेननं, माझ्या बॉसनं, दोरीवरचे तेलाचे डाग पाहिले. “वरदा, हे कोणी केलं?” सोमवारी लेखी रिपोर्ट.
घरी नवऱ्याला, अपूर्वला सांगितलं. जेवता जेवता म्हणाला, “म्हाताऱ्याचं नाव घाल. त्याचं काय जाणारे? तुझी नोकरी गेली की तिघांचा व्हिसा गेला. नवी नोकरी शोधायला साठ दिवस देतात फक्त. ईशिताला तूच सांग मग.”
“खोटं आहे ते.”
“अर्धंच.”

१७ मार्च
दिला. एकच वाक्य. ‘पाहुण्यांनी परवानगी न घेता वस्तूला तेल लावले.’
एलेन म्हणाली, दोरी परत देण्याशी याचा काही संबंध नाही. बरं वाटलं.

१९ मार्च
टाविटा कॅन्टीनमध्ये भेटले. समितीनं त्यांना बोलावलं होतं.
“विचारलं, तेल तुम्ही लावलंत का? हो म्हटलं. लावलंच होतं.”
“आणि मी?”
“तुझं कुणी विचारलं नाही.” चहात साखर घातली. ढवळत राहिले. “मुलगी केवढी आहे तुझी?”
सात, म्हटलं.

२१ मार्च
मागणी फेटाळली. वस्तू तिकडे सुरक्षित राहण्याची खात्री नाही. खाली पुरावा म्हणून माझं वाक्य. जसंच्या तसं.