ड्रॅगनची शिंक

प्रिय रँडल,

तापामुळे शाळा बुडाली की आपण दोघं सोफ्यावर खारी बिस्किटं खात तो ड्रॅगनचा सिनेमा बघायचो. मेलेला ड्रॅगन शेवटी शिंकून उठायचा आणि तू हसताना सगळी बिस्किटं सांडायचास.

काल दवाखान्यात तू त्या सिनेमाची मूळ कादंबरीच माझ्या हातात दिलीस. "माझ्या ऑपरेशनआधी शेवट वाचून दाखव. रडलीस तर लाथ घालीन!"

मी घरी शेवट चाळला. पुस्तकातला ड्रॅगन उठतच नाही. त्याच पानात पेपरमिंटच्या कागदाची होडी होती, तू दुमडतोस तशीच. म्हणजे तू आधीच वाचलंयस. तूही घाबरलायस.

हे पत्र तुला देणार नाही. उद्या ते पान आलं की पुस्तक मिटून मी जोरात शिंकेन. तू फक्त ऊठ.

तुझी बहीण,
थिया