आईसाठी कोणता फोन

प्रिय भुजंगदादा,

आईसाठी बटणांचा फोन आणू की बिनतारी, असं तू मस्कतहून विचारलंस. घरात मीच पदवीधर, म्हणून मला विचारलंस. परतल्यावर पुण्याहून तुला तिच्याशी रोज बोलायचंय. पण तिला दोन वर्षांपासून ऐकू येत नाही. तुझी कॅसेट लावली की ती टेपवर हात ठेवून बसते. टेपची थरथर थांबली की म्हणते, "झालं वाटतं लेकराचं बोलून."

तुला कळवते म्हटलं, तर म्हणाली, "नगं माय. तिकडं एकटाच बसून बोलायलाय. बंद करंल."

शाळेत मी मुलींना खरं बोलायला शिकवते.

पत्र पोचेपर्यंत तू फोन घेशील, म्हणून आज मानवतला जाऊन तार केली: आईला ऐकू येत नाही. फोन नको. कॅसेट पाठवत राहा.

तुझी,
मथुरा