पाण्याबाहेरचं काम

मेहरूण, जळगाव

प्रिय असलम,

तुझा फोन आला त्या दिवशी आमच्या घरात सण असल्यासारखं झालं. मी अंघोळीला होतो. रूपालीने दाराबाहेरूनच ओरडून सांगितलं, "असलमभाई दुसरी होडी घेतायत, पर्यटकांना पाण्याखाली न्यायला तुम्हालाच बोलावलंय!" संध्याकाळी मी उलट फोन करून तुला 'येतो' म्हणालो. आवाज ठीक वाटला असेल. फोनवर मी नेहमी ठीकच असतो, म्हणून हे लिहून पाठवतोय.

मालवण सोडताना मी आपल्या गावात स्कूबा सुरू करतो म्हणालो, तेव्हा तू हसला होतास. "जळगावात समुद्र कुठंय रे?" पण पहिला उन्हाळा खरंच छान गेला. एका तरण तलावाच्या मालकाने रविवारची सकाळ दिली होती. लोक बायकापोरांना घेऊन यायचे, सूट चढवून फोटो काढायचे. एक आजोबा तळाशी बसून नातीला हात हलवत राहिले, वर यायलाच तयार नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात पाणीटंचाई लागली आणि तलाव कोरडा ठेवावा लागला. पुन्हा भरला तोवर लोकांची हौस फिटली होती. मालवणात रोज नवी बस येते. इथे माणसं तीच, आणि एकदा पाण्याखाली श्वास घेऊन बघितला की दुसऱ्यांदा कोण कशाला येईल? सिलिंडरात हवा भरायचा कॉम्प्रेसर मात्र गिऱ्हाईक नसलं तरी खर्च मागतोच.

तिकडे तरी काय सुख होतं म्हणा. पावसाळाभर होड्या किनाऱ्यावर उपड्या आणि आपण हॉटेलात ताटं उचलत होतो. सर्दी झाली तरी तोंडातून शब्द काढायचा नाही, कारण खाली गेलो नाही तर त्या दिवसाची कमाई गेली. कान ठणकत असायचे आणि आपण पर्यटकाचा हात धरून व्हिडिओसाठी हसायचो. आठवतं ना?

इथे मग मला वेगळीच बोलावणी येऊ लागली. कुणी विहिरीत पडलं, कुणी गिरणा नदीत वाहून गेलं की पोलिसांचा फोन. गढूळ पाण्यात डोळे असून नसल्यासारखे, हातानेच चाचपायचं. वर आणलं की घरचे लोक पाया पडतात, कधी कुणी शाल-नारळ देतं. त्यांच्याकडून आणखी काय मागणार? मोनाली शाळेत सांगते, माझे पप्पा डायव्हर आहेत. मुलं विचारतात, ते मेलेल्यांना काढतात तेच ना? आई तर म्हणते, "पानीमा काय शे तुनं? सोडी दे आते."

या श्रावणात भडगावच्या पुढे बंधाऱ्यात चिंधा नावाचा केळीच्या गाडीवरचा ड्रायव्हर बुडाला. त्याची बहीण बेबाबाई सकाळपासून काठावर बसून होती. मी कमरेला दोर बांधून उतरलो. अर्ध्यात डावा कान दुखायला लागला. वर यायला हवं होतं, पण ती बाई बघत होती. आणखी थोडा खाली गेलो आणि कानात काहीतरी फाटलं. थंड पाणी आत शिरलं आणि सगळं गरगर फिरू लागलं. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. बुडबुडे कोणत्या दिशेला जातात ते बघावं तर दिसतंय काय! मी तळाकडेच पोहत होतो असलम, आणि मला वाटत होतं वर चाललोय. हवालदाराने दोर ओढला म्हणून वाचलो.

काठावर ओकत होतो तेव्हा बेबाबाईने मला पाणी दिलं. पुन्हा उतरायला उठलो तर तिने माझा हात धरला. "भाऊ, ऱ्हाऊ दे. एक गया, आखो एक नको." दुसऱ्या दिवशी चिंधा आपोआप वर आला.

डॉक्टरांनी साफ सांगितलंय, पडदा फाटलाय, आतही इजा आहे, पाण्याखाली जाणं कायमचं बंद. डाव्या बाजूने आता काही ऐकू येत नाही. मधूनच घर फिरतं, भिंत धरून उभा राहतो. रूपालीला सांगितलंय, पाणी गेलंय कानात. तिने बॅग भरलीय. तिच्या तोंडावर इतका आनंद मी कित्येक दिवसांत बघितला नाही. तो बघून मी काल, पाण्याखाली जायला तब्येत ठीक आहे असा दाखला न तपासता देणारा माणूसही शोधून आलो. दाखला खिशात आहे.

असलम, तो दाखला मी तुझ्यासमोर ठेवीन. तू घेऊ नकोस. मी शपथा घालीन, मेहरूणच्या तलावात एकत्र पोहायला शिकलो ते काढीन, कदाचित रडेनही. तरी मला होडीत घेऊ नकोस. खाली माझा हात धरून कुणाची तरी आई असेल, कुणाची तरी मोनाली असेल, आणि वर कुठे आहे ते मला कळणार नाही. तोंडाने हे सांगायचं मला जमत नाही, कारण मला अजूनही यायचंच आहे. जमलंच तर किनाऱ्यावर सिलिंडर भरायला ठेव, सूट धुवायला ठेव. तेही नसेल तर रूपालीला फोन करून तूच सांग, जागा भरली म्हणून. तिला दुसरं काही सांगू नकोस, ते मीच सांगीन.

तुझाच,
हितेंद्र