सोड्याशिवाय निघालेली शाई

मी, कांता नामदेव पिंपळशेंडे, वय एकाहत्तर, शिक्षण बी.एस्सी. रसायनशास्त्र, धंदा कागद मिलची भागीदारी, राहणार भद्रावती, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. तसे ते उभ्या आयुष्यात फार कोणाला जमलेही नाही.

१. भद्रावतीचे राहते घर मी स्वकमाईतून बांधले आहे. ते माझी एकुलती मुलगी दिव्यानी हिला द्यावे. घरातले काय ठेवायचे, काय काढायचे ते तिने ठरवावे. फक्त स्वयंपाकघरातला जुना मिक्सर भंगारात देऊ नये. त्यात चटणी वाटता येत नाही, कारण त्याला अजून वर्तमानपत्राचा वास येतो. तो का येतो हे नातवंडांना कळावे म्हणून इथे लिहिते.

आमची मिल माझे यजमान कै. नामदेवराव यांनी काढली. रद्दी भिजवून तिचा लगदा करायचा, लगद्यातली शाई काढायची आणि पुन्हा कागद करायचा, हे काम. शाई सुटावी म्हणून लगद्यात कॉस्टिक सोडा पडे. सगळीकडे हीच रीत होती आणि मी स्वतः प्रयोगशाळेत बसून ती पाळत होते. सोड्याने शाई सुटायची, पण लगदा पिवळा पडायचा. पिवळेपणा घालवायला आम्ही पेरॉक्साइड ओतायचो. पेरॉक्साइडने काम करावे म्हणून पुन्हा सोडा. एवढे सगळे मग पाण्यात उतरायचे. आमच्या शुद्धीकरणाच्या टाक्यांना ते पेलत नसे, आणि तांबूस फेसाचे पाणी मागच्या नाल्यातून शेजारच्या पळसझरी गावच्या धानात शिरायचे.

नामदेवराव गेले त्याच्या पुढच्या हंगामात पळसझरीच्या बाया मिलवर आल्या. पुढे मंगली कुळमेथे होती. तिने बांधीतला जळालेला धान मुळासकट उपटून आणला होता. तो माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "बाई, तुमचा कागद पांढरा होऊन राह्यला, अन् आमचा धान पिवळा." मी टाक्या वाढवते म्हणाले. ती म्हणाली, "टाकी मोठी केली तं जहर कमी होते का?" त्या दिवशी गावाने गेटला कुलूप घातले. ग्रामसभेत ठराव झाला, आणि तो न्याय्य होता.

मिलमध्ये जाता येईना, म्हणून मी स्वयंपाकघरात बसले. मिक्सरमध्ये रद्दीचा लगदा केला, बादलीत ओतला, माशांच्या टाकीचा हवेचा पंप त्यात सोडला. बुडबुड्यांबरोबर शाई वर येते, फेस पळीने काढून टाकायचा; मिलमध्ये मोठ्या यंत्रात हेच होते. सोडा घातला नाही तर शाई हलेना. कितीतरी बादल्या काळ्याच्या काळ्या राहिल्या. दिव्यानी नागपूरहून जुने शोधनिबंध पाठवायची. परदेशात काहींनी सोड्याऐवजी सोडियम सल्फाइट आणि सौम्य साबण वापरून पाहिले होते. शोध त्यांचा; आपल्या पाण्यावर आणि आपल्या रद्दीवर तो बसवणे माझे. साबण बदलत गेले, पाणी कोमट करत गेले, आणि एका सकाळी फेस काळा आला आणि खाली लगदा ताकासारखा राहिला. मी खाली बसले. पळी हातातच होती.

२. माझे दीर श्री. सुनिल यांना नामदेवरावांची बुलेट द्यावी. मिल बंद असताना यंत्रे भंगारात विकायचा सौदा त्यांनी मला न विचारता केला होता. मी तो मोडला. स्वयंपाकघरातली बादली पाहून ते म्हणाले होते, "वहिनी, सोड्याशिवाय शाई निघाली तं मी मिशी काढून गावात फिरन." शाई निघाली. ते आपण होऊन न्हाव्याकडे गेले, मग बाजारातून चालत मिलपर्यंत आले. त्या चालण्यासाठी ही बुलेट आहे, सौद्यासाठी नाही. मिलमधला त्यांचा हिस्सा त्यांचाच आहे. माझ्या हिश्श्यावर त्यांनी दावा सांगू नये.

३. मिलमधला माझा संपूर्ण हिस्सा मिलच्या कामगार सहकारी संस्थेला द्यावा. संस्थेची अध्यक्ष निशा गेडाम. ती चाळणीवर काम करायची तेव्हा सोड्याने तिच्या हाताची साल निघायची, हातमोजे घालूनही. नवी पद्धत लागू झाल्यावर काही दिवसांनी तिने माझ्यासमोर दोन्ही तळवे पसरले. "पाहा बाई. आता भाकर थापता येते मले." कागदाच्या धंद्यात मला बक्षिसे मिळाली आहेत; ती दिव्यानीने कपाटात ठेवावीत. हे वाक्य मात्र या कागदावर राहू द्यावे.

४. मिल आणि नाला यांच्या मधली माझ्या नावावरची शेतजमीन मंगली कुळमेथे हिला द्यावी, कायमची आणि विनाअट.

कारण असे. पद्धत जमल्यावर मी पळसझरीला गेले. शाई निघाली होती, पण पांढरेपणासाठी पेरॉक्साइड लागणारच होते. त्याला सोड्याच्या जागी मी मॅग्नेशियमची पांढरी भुकटी दिली होती. मी मंगलीला म्हणाले, "आम्लपित्तावर लोक हेच औषध पितात." ती म्हणाली, "ते तुमच्या पोटाले. माह्या धानाले काय त्याचं?"

मग तिनेच तोड काढली. गेट एका पाळीपुरते उघडायचे. टाक्यांतून निघालेले पाणी नाल्यात सोडायचे नाही, खड्ड्यात साठवायचे. त्या पाण्यावर ती धानाचे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपे, टाकणार आणि शेजारी विहिरीच्या पाण्यावर दुसरे. जे उगवेल ते गाव पाहील. माझी सगळी मिल त्या वाफ्यात होती. मी रोज बांधावर जाऊन उभी राहायचे. ती म्हणायची, "पाहून पाहून उगवत नाई ते."

पऱ्हे उगवले. दोन्ही वाफे सारखेच हिरवे. मंगलीने दोन्हींतली एकेक मूठ उपटली, मुळे धुऊन पाहिली, आणि सभेत दोन्ही मुठी वर धरून विचारले, "सांगा, मिलची कोन्ती?" कोणालाच सांगता आले नाही. तेव्हा सगळे गाव हसले आणि मी रडले. गेट मंगलीने आपल्या हाताने उघडले.

या जमिनीबद्दल सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मले काऊन देता? तुमच्या पोरीले द्या." मी म्हणाले, "मिलचं पानी पहिले तुह्या वावरातून जाईल. उद्या कोनी सोडा ओतला, तं पहिले तुलेच दिसन." तिने थोडा विचार केला. "मंग द्या," म्हणाली. लाभार्थी असल्याने तिला साक्षीदार होता येत नाही, म्हणून ती आत्ता ओट्यावर बसून चहा पीत आहे.

५. माझ्या तेरवीच्या पत्रिका आमच्याच कागदावर छापाव्यात. तो बगळ्यासारखा पांढरा नाही, ताकासारखा आहे. चंद्रपूरच्या छापखान्यांनी सुरुवातीला तो परत पाठवला होता. आज धानोऱ्याच्या शाळांतली मुले त्याच्याच वह्यांवर लिहितात आणि त्यांचे गुरुजी म्हणतात, डोळ्यांना बरा वाटतो.

६. राहिली पद्धत. तेलंगणातल्या एका मिलचे मालक ती एकट्यासाठी विकत मागायला आले होते. मी विकली नाही. निशाने त्यांच्या माणसांना चार दिवस ठेवून घेतले आणि सगळे शिकवून पाठवले. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला की त्यांनी सोड्याच्या टाक्या काढून टाकल्या. या पद्धतीवर माझ्या कोणत्याही वारसाने हक्क सांगू नये. जो मागेल त्याला ती द्यावी. त्यांच्या मिलमागेही एखादा नाला असेलच. त्याचे नाव मला ठाऊक नाही, तरी तो माझ्या वारसांत धरावा.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी दिव्यानीने करावी. वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनासारखा आहे, आणि खालील दोघांच्या देखत मी सही केली. त्यांनीही माझ्या देखत केली.

ठिकाण : भद्रावती
दिनांक : ९ जानेवारी २०२५

सही : कांता नामदेव पिंपळशेंडे

साक्षीदार :
१. डॉ. करिष्मा वासेकर, भद्रावती
२. लोकेश दसरू बोरकुटे, शिक्षक, राहणार माजरी